दवाचा तक्ता

२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता टकटककडून टाइप करून घेतलाय. टकटक म्हणजे आमच्या कार्यालयातली टंकलेखिका. संगणक आला तरी ती कळा अशा बडवते की वरच्या मजल्यावरही समजतं, आज पत्रं निघणार. ईमेल करता आला असता, पण तो तू एका बोटाने पुसला असतास. कागद फाडायला दोन हात लागतात आणि तेवढ्यात दोन ओळी तरी वाचून होतात.

आधी कामाचं. आमची विज्ञानसभा चौऱ्याण्णव वर्षांत पहिल्यांदा परदेशी सभासद घेणार आहे. वर्षअखेरीपर्यंत बारा. अध्यक्षांनी, म्हणजे ज्यांचं सगळं आयुष्य खडक फोडण्यात गेलं त्यांनी, टेबलावर हात आपटून सांगितलं, "वारा, पाऊस, पक्षी यांना सरहद्द नाही, मग आपल्यालाच का?" टाळ्या पडल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "हे सगळं चिटणीस बघतील." टाळ्या वाजवणारे पांगले आणि चिटणीस अजून बघतेय.

आमची रीत तुला आठवत असेल. ज्याला सभासद करायचं त्याची इथे स्तुती करत नाहीत. सुचवणाऱ्याने उभं राहून एवढंच सांगायचं, की या माणसाच्या कामावाचून माझं कोणतं काम झालं नसतं. याला सभेत कबुली म्हणतात. कबुली दिल्याशिवाय नाव पुढे जात नाही, मग तो माणूस केवढा का मोठा असेना.

तुझं नाव यादीत असावं असं अध्यक्षांच्या मनात आहे. हिमकणांवरचं तुझं काम इकडे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना म्हटलं, विचारून बघते. तुझी कबुली कोण देणार, ते नंतर पाहू.

बावीस वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. त्या उन्हाळ्यात जे झालं ते झालं. त्यावर आज लिहीत नाही. आई बरी आहे.

तुझी ताई


२१ सप्टेंबर

भिंगरी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी टपालाच्या वेळेला मी जिन्याकडे तोंड करून बसते. टकटकच्या लक्षात आलंय. ती म्हणते, "बाई, मानेला उसण भरेल."

परदेशी मंडळींना आमची रीत काही केल्या कळत नाही. एका नामांकित प्राध्यापकांनी स्वतःच्या पदकांची अकरा पानं पाठवली. मी परत पाठवून विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण तुमच्यावाचून कोणाचं काय अडलं असतं?" त्यांना राग आला. मग अर्धं पान आलं, हाताने लिहिलेलं. त्यात एकच गोष्ट होती: विद्यार्थी असताना त्यांनी एका पठारावरच्या गवतांची यादी केली होती, त्यानंतर पठार पाण्याखाली गेलं, आणि आता ती गवतं फक्त त्या यादीत आहेत. आमच्या वनस्पतीवाल्या बाईंनी ते वाचलं आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्या तीच यादी वापरत आल्या आहेत, बनवणारा जिवंत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

असं हल्ली रोज होतंय. आमचे कीटकवाले सत्तरीचे आहेत. गेली तीस वर्षं ते कुठल्यातरी दूरच्या माणसाशी काडेपेटीतून भुंग्यांची देवाणघेवाण करतात, कधी भेट नाही. परवा त्यांनी त्याचं नाव दिलं आणि लाजले. कार्यालयात बसल्या बसल्या मला वाटत राहतं की सगळं जग एका घरात राहतंय आणि मधली दारं फक्त लोटून घेतलेली आहेत. मला कोणी भाबडी म्हटलं नव्हतं आजवर. तू तर नाहीच.

सभासद घ्यायचे तर त्यांच्याबरोबर काही कामही करायला हवं, नुसती नावं कशाला गोळा करायची? म्हणून मी एक बेत मांडला. एकाच पहाटे, नऊ देशांत, एकतीस ठिकाणी दव मोजायचं. लोकर सगळीकडे एकच, एकाच मेंढीची. दोन दोन ग्रॅमचे पुंजके. संध्याकाळी उघड्यावर ठेवायचे, पहाटे तोलायचे, वजन वाढलं तेवढं दव. कुठल्या रात्री किती दव पडेल ते सांगणाऱ्या तक्त्याशी आकडे ताडून बघायचे.

तक्ता तोच. तुला माहीत असलेला.

घरभर लोकर झाली आहे. आई हल्ली झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी असते. काल तिने उशीवर पडलेला एक पुंजका उचलला, गालाला लावला आणि म्हणाली, "भिंगरी गच्चीवर आहे ना? तिला शाल दे गं, पोरगी भिजेल." मी हो म्हटलं. शाल घेऊन गच्चीवर जाऊनही आले. का गेले ते विचारू नकोस.

ताई


१८ ऑक्टोबर

भिंगरी,

आज ती पहाट होती.

मी साडेचारला गच्चीवर गेले. चांदणं विरत आलं होतं आणि फरशी पायाला गार लागत होती. शेजारच्या पाण्याच्या टाक्या, तारा, वाळत घातलेला कोणाचा तरी सदरा, सगळं ओलसर आणि अर्धवट. लोकर चाचपली. जड झाली होती. आणि मला एकदम जाणवलं की आज आपापल्या पहाटे कुठल्यातरी बर्फाळ गावात एक दाईबाई, एका वाळवंटाच्या कडेला एक विमानतळावरचा हवामानवाला, कुठे एक पाद्री, कुठे दोन कॉलेजच्या मुली असेच वाकून उभे असतील, बोटाला पाणी लागलेलं, श्वासाची वाफ लोकरीला लागू नये म्हणून दम रोखून. आपण सगळे एकाच चादरीवर झोपलो होतो आणि चादर सकाळी ओली निघाली, असं काहीतरी. मी तशीच उभी राहिले. तोलायचं राहून जाणार होतं.

त्या क्षणी मला तू हवी होतीस. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

दुपारपासून आकडे यायला लागले. टकटक नकाशावर टाचण्या टोचत होती. आकड्यांत कशाचा कशाशी मेळ नाही. एकीकडे निम्मं, एकीकडे दीडपट. अध्यक्ष म्हणाले, "तुमचा तक्ता इथलाच आहे वाटतं. बाहेर चालत नाही." ते हसत म्हणाले, पण मला झोंबलं.

एका बेटावरून तर शून्य आलंय. तिथे एक शाळामास्तर आहेत. त्यांनी खाली लिहिलंय, "क्षमा करा. सगळ्यांनी एकसारखं करायचं म्हणून मी तुमच्या सूचनेप्रमाणे घड्याळात पाच वाजून दहा मिनिटांनी तोललं. आमच्याकडे सूर्य पावणेपाचलाच वर येतो. लोकर सुकली होती."

ताई


२९ ऑक्टोबर

भिंगरी,

मास्तरांचं दुसरं पत्र आलं. मी ते चारदा वाचलं.

ते लिहितात, "दुसऱ्या दिवशी मी माझ्या रोजच्या पद्धतीने, उजाडायच्या वीस मिनिटं आधी तोललं. आकडा तुमच्या तक्त्याशी तंतोतंत जुळला. मी दहा वर्षं हा तक्ता वापरतो. त्यातली घड्याळाची वेळ मी कधीच पाळली नाही, कारण तक्ता ज्याने केला तो सूर्याच्या हिशेबाने विचार करतो, काळोख किती लांब होता ते बघतो. घड्याळाची वेळ नंतर कोणीतरी घातल्यासारखी वाटते. बाई, एक विचारू? तुमच्या घरात आणखी कोणी दव मोजत होतं का?"

बघ, समुद्रापलीकडच्या माणसाने कधी न बघता आपलं घर बघितलं.

तुझ्या दवाच्या वहीत वेळ नव्हतीच. प्रत्येक पानावर "उजेडाआधी" एवढाच शब्द होता. मला तो पोरकट वाटला. शास्त्राच्या मासिकात "उजेडाआधी" कसं छापायचं? म्हणून तू ज्या वेळेला तोलायचीस ती मी घड्याळात बघून लिहिली. आपल्या गावात, त्या ऋतूत, तेवढ्याने भागत होतं. बावीस वर्षं भागलं. एकतीस ठिकाणी पसरल्याबरोबर उघडं पडलं. ज्याने तक्ता केला त्याने ही चूक केलीच नसती. ती मीच करू शकले, कारण मला तो तक्ता फक्त उतरवता आला होता.

आता त्या उन्हाळ्याचं लिहिते. तुला कावीळ झाली होती. तू एकवीस वर्षांची, सहा आठवडे अंथरुणावर, डोळे पिवळे. मासिकाची मुदत संपत आली होती. मी स्वतःला सांगितलं की आधी छापून तर येऊ दे, तिचं नाव नंतर घालू. छापून आलं तेव्हा माझं एकटीचं नाव होतं. मी घातलं म्हणून होतं, छापखान्याची चूक नव्हती. त्याच तक्त्यावर कोणीतरी माझ्यासाठी कबुली दिली आणि मी सभेची सभासद झाले. तू बरी झालीस, मासिक चाळलंस, "छान छापलंय," म्हणालीस आणि पानं सारखी करून परत ठेवलंस. तू भांडली असतीस तर मी भांडून जिंकले असते. तू परदेशी निघून गेलीस.

मास्तरांना मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.


१२ नोव्हेंबर

भिंगरी,

मास्तर आमचे पहिले परदेशी सभासद झाले. कबुली मीच दिली. उभी राहून म्हटलं, "यांच्या शून्यावाचून मला माझी चूक कळली नसती." लोक हसले, टाळ्या वाजल्या, कोणती चूक ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अर्धं सांगून खाली बसले. बाकावर बसल्यावर माझे कान गरम झाले होते, शाळेत खोटं बोलल्यावर व्हायचे तसे.

घरी आले तर आई जागी होती, अगदी स्वच्छ जागी. मला म्हणाली, "तिची वही परत दिलीस का गं?"

मी म्हटलं, "कुठली वही?"

"मला वेड लागलंय, आंधळी नाही झाले मी," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. बावीस वर्षं तिने माझ्या हातचा चहा घेतला आणि काही बोलली नाही. तुम्ही दोघी एका मातीच्या आहात. मीच तेवढी बडबडी.

आज अध्यक्षांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तीस तारखेच्या सभेत तुझी कबुली मी देणार, पूर्ण देणार. बिचारे खूप वेळ टेबलावरचा एक दगड या हातातून त्या हातात करत बसले. मग म्हणाले, "असं बघा, 'दोघींच्या सहकार्याने' असं म्हणता येईल की. सहकार्यावरच तर सध्या आपला भर आहे." माणूस वाईट नाही, मला वाचवायला बघत होते. मी म्हटलं, "सर, सहकार्य नव्हतं ते. ती आजारी होती आणि मी वही उचलली."

"मग तुम्हाला राजीनामा द्यावा लागेल," ते म्हणाले. "नियमावलीत असं कलमच नाही, पण दुसरं मला काही सुचत नाही."

मलाही नाही. सव्वीस माणसं माझ्या हाताखाली काम शिकली, ती काय म्हणतील हा विचार आला. भिंगरी, मला भीती वाटते. सभा म्हणजे माझं सगळं आयुष्य आहे, दुसरं काही मी केलंच नाही. तिथली माझी खुर्ची, माझी खिडकी, टपालाची वेळ. हे गेलं की सकाळी उठून मी जाऊ कुठे?

तरी देणार आहे.

ताई


१ डिसेंबर

भिंगरी,

काल झालं ते सांगते. नीट सांगते, कारण तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

सभागृह भरलं होतं. नवे परदेशी सभासद भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, वेगवेगळ्या चौकोनांत. कोणाकडे दिवस, कोणाकडे दिवे लागलेले, एकाच्या मागे मांजर. बेटावरचे मास्तर पहिल्यांदाच दिसले. सडपातळ, जाड चष्मा, मागे फळा. त्यांचे ओठ आधी हलत, आवाज मागून येत होता.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीच्या कामावाचून माझं कुठलंच काम झालं नसतं. दवाचा तक्ता तिचा आहे. तो मी माझ्या नावावर छापला. त्यात एक ओळ माझी आहे, घड्याळाची, आणि तीच चुकीची आहे." मग राजीनामा टेबलावर ठेवला.

वनस्पतीवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या, जसं एखाद्या अनोळखी झाडाकडे बघतात. कीटकवाल्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

मग अध्यक्षांनी घसा खाकरला. "एक अडचण आहे. कबुली सभासदानेच द्यावी लागते. राजीनामा घेतला तर या बाई सभासद राहत नाहीत. मग ही कबुली कोणाची? आणि कबुली नसेल तर नाव पुढे जात नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! नियमावली तोंडपाठ असलेली मी! स्वतःच्या हातांनी मी तुझ्या नावाचं दार लावून घेतलं होतं. मी राजीनाम्याचा कागद परत उचलायला हात पुढे केला, इतकी माझी मती फिरली. अध्यक्षांनी हळूच कागदावर हात ठेवला.

तेवढ्यात पडद्यावर मास्तरांचा हात वर गेला. तो आधीच वर गेला असणार, आमच्याकडे उशिरा पोचला.

"मी सभासद आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहात," अध्यक्ष म्हणाले.

"मग मी बोलतो. आमच्या बेटावर नदी नाही. शाळेच्या पत्र्याच्या छपरावर दव पडतं, ते पन्हाळीतून हौदात घेतो. कुठल्या संध्याकाळी छप्पर धुऊन ठेवायचं हे मला तक्ता सांगतो. एका वर्गाच्या मुलांना पिण्यापुरतं पाणी होतं. त्या तक्त्यावाचून माझं हे काम झालं नसतं. तो कोणाचा आहे हे मला आज कळलं. मी त्यांचं नाव सुचवतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे यानंतर काय करतात? बसायचं का?"

सगळे हसले, आणि हसता हसता हात वर गेले. पडद्यावरच्या चौकोनांतही. टकटक मोजत होती आणि मोजताना रडत होती, त्यामुळे दोनदा मोजावं लागलं. एकही हात खाली नव्हता. माझा होता, कारण मला आता हात वर करायचा हक्क नव्हता.

तू निवडून आलीस. पत्र कार्यालयातून रीतसर येईल. तू हो म्हणावंस असं मी म्हणणार नाही. तुझ्या वहीचं पार्सल आज वेगळं पाठवलंय. पानं जशीच्या तशी आहेत, मी कधी त्यात काही लिहिलं नाही. मासिकालाही लिहिलंय, तक्ता तुझ्या नावाने आणि "उजेडाआधी" या शब्दासकट पुन्हा छापणार आहेत.

माफी मागायची म्हणून हे पत्र सुरू केलं होतं. मागते. तू ती दिलीच पाहिजेस असं काही नाही.

ताई


१९ जानेवारी

भिंगरी,

मी आता उशिरा उठते, म्हणजे सहाला. आईला घेऊन गच्चीवर बसते. ऊन येतं, टाक्यांवरचं पाणी सुकतं, आई अर्धवट डोळे मिटून काहीबाही बोलते आणि मी तिला हो म्हणते. दिवस लांब झालेत. रस्त्यात वनस्पतीवाल्या बाई भेटल्या, त्यांनी मान वळवली. कीटकवाले मात्र थांबले आणि माझी चौकशी करून गेले. असंच चालायचं.

आज सकाळी टकटकचा फोन आला. तिला सभेच्या कामाचं मला काही सांगायची परवानगी नाही, म्हणून ती कुजबुजत होती. "बाई, त्यांनी होकार कळवलाय. सोमवारी सही करायला स्वतः येतायत."

मी म्हटलं, "बरं झालं." आणि फोन ठेवायला निघाले.

"ऐका तरी," ती म्हणाली. "नव्या सभासदाला त्या दिवशी एक पाहुणा आणता येतो. त्यांचा फॉर्म आलाय. पाहुण्याच्या नावापुढे तुमचं नाव आहे."

मी विचारलं, "आणखी काय लिहिलंय?"

"काही नाही. सभासदाशी नातं, असा रकाना आहे. तिथे थोरली बहीण. बस, एवढंच."

बावीस वर्षांनी तुझ्याकडून आलेले हे दोन शब्द, आणि तेही फॉर्मात. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रडले. आईने आतून विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "अजून नाही."

दुपारी कार्यालयात जाऊन, बाहेरच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहून पास घेतला. नव्या चिटणीसबाईंनी मला नियम समजावून सांगितले, मीच लिहिलेले, आणि मी निमूटपणे ऐकले. पाहुण्यांना एकट्याने आत सोडत नाहीत. ज्याचा पाहुणा, त्या सभासदाने दारापाशी येऊन स्वतः आत न्यायचं.

तेव्हा सोमवारी दहाला मी पायऱ्यांवर थांबते. तुझं विमान उशिरा आलं तरी थांबेन. तू आलीस की जाऊ.

तुझी ताई